दहा शाळांमागे एक

मुलाला समोर बसवून, दार लोटून घेऊन, त्याच्याशी एकट्याशी बोलायचं ही पद्धत आपल्या माध्यमिक शाळांत आली ती नोकरीच्या वाटेने. अभ्यासाच्या वाटेने ती आली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे या कामाचं जे झालं आणि जे झालं नाही, त्याचं मूळ मला तिथेच दिसतं. मी परळ-लालबागच्या एका मराठी शाळेत गणित शिकवलं, आणि त्याच शाळेत ‘करिअर मास्तर’, म्हणजे व्यवसाय मार्गदर्शन करणारा शिक्षक, म्हणूनही काम केलं. बाई असूनही माझ्या प्रमाणपत्रावर करिअर मास्तरच लिहिलेलं होतं.

या कामाचा उगम सांगताना सगळी पुस्तकं बॉस्टनला जातात. १९०८ च्या जानेवारीत फ्रँक पार्सन्स यांनी तिथे व्होकेशन ब्युरो उघडला. शहराच्या नॉर्थ एंड भागात परदेशातून आलेल्या गरीब कुटुंबांची वस्ती होती. तिथली मुलं चौदाव्या-पंधराव्या वर्षी हाताला लागेल ते काम धरत आणि सोडत. मुलाने आधी स्वतःला ओळखावं, मग कामांची माहिती घ्यावी, मग दोन्हींचा मेळ घालावा, असं पार्सन्स सांगत. त्याच वर्षी ते वारले आणि त्यांचं पुस्तक १९०९ मध्ये त्यांच्या पश्चात निघालं. ‘मी कोण आणि मला काय जमेल’ असा प्रश्न एखाद्या गरीब मुलाला कुणीतरी मानाने विचारला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण ज्याला पुढे काही शिकावंसंच वाटत नाही, त्या मुलाचं काय करायचं, हे त्या तीन पायऱ्यांत कुठे बसत नव्हतं.

आपल्याकडे १९३८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने व्यवसाय मार्गदर्शनाचा विभाग काढला. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय यांच्या नावाचं मार्गदर्शन केंद्र निघालं आणि १९४७ मध्ये पारसी पंचायतीने स्वतःचं केंद्र सुरू केलं. अलाहाबादचं मानसशास्त्र केंद्रही १९४७ चंच. मुंबई सरकारने १९५० मध्ये आपला मार्गदर्शन विभाग उघडला. पुढे तीच व्यवसाय मार्गदर्शन व निवड संस्था झाली, धोबी तलावाजवळ महापालिका मार्गावरची. माध्यमिक शिक्षणावरच्या १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने सांगितलं की प्रशिक्षित मार्गदर्शन अधिकारी आणि करिअर मास्तर हळूहळू सगळ्या शाळांना मिळावेत. १९५४ मध्ये दिल्लीला केंद्रीय विभाग आला. स्वातंत्र्यानंतर पाच-सात वर्षांतच कागदावर सगळी मांडणी तयार झाली होती. देशाला अभियंते, फिटर, परिचारिका, कारकून हवे होते. कोण कुठे बसेल ते लवकर कळलं पाहिजे, म्हणून चाचण्या आल्या.

त्यातली भाटिया यांची चाचणी मी हाताळली आहे. चंद्रमोहन भाटिया अलाहाबादच्या केंद्राचे संचालक होते, आणि १९५५ मध्ये त्यांनी अकरा ते सोळा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी कृतींवर आधारलेली ही चाचणी पुस्तकासह मांडली. ज्याला इंग्रजी येत नाही, ज्याच्या घरात पुस्तक नाही, त्याचीही बुद्धी मापता यावी, हा त्यांचा हेतू मला आजही फार मोलाचा वाटतो. पेटी उघडली की रंगीत ठोकळे निघतात. कार्डावर एक नक्षी असते, ती ठोकळ्यांनी जुळवायची. पहिल्या नक्ष्यांना दोन मिनिटं, पुढच्या अवघड नक्ष्यांना तीन. आपण हातात स्टॉपवॉच धरून बसायचं आणि वेळ लिहायची.

पण समोर बसलं की वेळेखेरीज बरंच काही दिसतं. एखादा मुलगा दर ठोकळ्यानंतर मान वर करून आपल्या चेहऱ्याकडे बघतो, बरोबर की चूक ते तिथे शोधतो. दुसरा पहिल्याच कोपऱ्यात अडतो, ठोकळे अलगद बाजूला सारतो आणि म्हणतो, “नाही जमणार बाई.” अजून दीड मिनिट शिल्लक असतं. तिसरा वेळ संपल्यावरही हात काढत नाही. “बाई, थांबा ना, होतंय,” म्हणतो. तिघांचेही गुण एकसारखे निघू शकतात. गुणपत्रकात या फरकाला रकाना नव्हता, आणि मुलाचं वर्षभरात काय होणार ते बहुतेक या फरकावरच ठरायचं. मी समासात पेन्सिलने लिहून ठेवू लागले: ‘तोंडाकडे बघतो’, ‘सोडून देतो’, ‘सोडत नाही’. माझं पुढचं सगळं काम त्या समासातून निघालं.

करिअर मास्तर हा शब्द नव्हता तेव्हा महाराष्ट्रात हे काम कोणी केलं, याची नोंद मार्गदर्शनाच्या पुस्तकांत सापडत नाही, म्हणून इथे करते. साने गुरुजी १९२४ पासून सहा वर्षं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालयही त्यांच्याकडे होतं. मुलांच्या खोल्या झाडणारे, पसारा आवरून ठेवणारे गुरुजी सगळ्यांना ठाऊक आहेत. मला त्यांचं ‘छात्रालय दैनिक’ अधिक मोठं वाटतं. ते हाताने लिहून मुलांसाठी लावायचे. रोज कोणीतरी आपल्यासाठी लिहितं, आपण वाचावं म्हणून जागतं, हे त्या मुलांना दिसत होतं. त्याच १९२४ साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं आणि वेगवेगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. दोन्हीकडे मुलगा चोवीस तास डोळ्यांसमोर होता. त्याचं मन कधी उडालं ते जेवताना, झोपताना कळायचं. मुंबईच्या शाळेत पोरगं पाच तास येतं, एका वर्गात साठाच्या वर डोकी असतात, आणि उरलेल्या वेळात ते कुठे असतं ते आपल्याला माहीत नसतं. वसतिगृहात सहज घडायचं ते दिवसशाळेत मुद्दाम घडवावं लागतं. त्यासाठी ठरलेली वेळ, एक खोली आणि एक माणूस लागतो.

हे कोठारी आयोगाला नीट कळलं होतं. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते. मार्गदर्शन प्राथमिकपासून सुरू व्हावं आणि ते नोकरी निवडण्यापुरतं न राहता शिक्षणाचाच भाग असावं, असं त्या अहवालात आहे. पैशाची अडचणही त्यांनी लपवली नाही. सगळ्या माध्यमिक शाळांना पूर्ण सेवा देणं परवडणार नाही, म्हणून निदान दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक द्या, साधं मार्गदर्शन शिक्षक करतील, आणि दर जिल्ह्यात निदान एका शाळेत नमुन्याची पूर्ण व्यवस्था उभी करा, असं त्यांनी सुचवलं. दहा शाळांमागे एक, हा आकडा फारच थोडका आहे. देशाची तिजोरी बघून कमीत कमी किती मागावं, याचा तो हिशेब होता.

त्याच आयोगाच्या १०+२+३ आराखड्याने आमच्या शाळांचं रूप बदललं. महाराष्ट्रात १९७५ मध्ये दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली. अकरावीची मॅट्रिक गेली आणि आयुष्यातली सगळ्यांत मोठी मानली जाणारी परीक्षा एक वर्ष अलीकडे, पंधराव्या-सोळाव्या वर्षात आली. आवाज फुटण्याचं, मिसरूड येण्याचं, आरशासमोर उभं राहण्याचं ते वय. आराखडा राज्यभर लागू झाला. त्याच अहवालातला फिरता समुपदेशक मात्र आमच्या शाळेत कधी आला नाही.

माझं प्रशिक्षण धोबी तलावच्या संस्थेत झालं. तिथली माणसं मनापासून शिकवणारी होती. चाचणी कशी घ्यायची, संचयी नोंदपत्रक कसं भरायचं, ‘दहावीनंतर काय?’ याचे तक्ते कसे लावायचे, आयटीआयच्या कोणत्या ट्रेडला काय पात्रता लागते, हे मी तिथे शिकले. तक्ते घेऊन शाळेत आले, जिन्याजवळच्या भिंतीवर लावले, आणि मुलं खरंच थांबून वाचायची. परळमध्ये तेव्हा पुढे काय हा प्रश्न फारसा अवघड नव्हता. बाप कापड गिरणीच्या साचेखात्यात असेल तर त्याच्या ओळखीवर पोराचा नंबर बदली कामगारांत लागायचा. दहावी झाला तर बरं, नाही झाला तरी गिरणीचा भोंगा होताच. खूप मुलं याच भरवशावर अर्ध्या मनाने शिकत होती. घरच्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपाचा इतिहास इतरांनी लिहिला आहे. वर्गात काय झालं तेवढं मी सांगते. मार्चपर्यंत हजेरीपटात भोकं दिसू लागली. कुणाचा बाप गावाला गेला, रत्नागिरीला, साताऱ्याला, शेतीची कामं बघायला. कुणाची आई डबे करू लागली आणि पोरगा सकाळी डबे पोचवून धापा टाकत दुसऱ्या तासाला येऊ लागला. फी माफ करता येत होती, वह्या जमवता येत होत्या, आम्ही शिक्षकांनी ते केलं. पण जून उजाडला तेव्हा नववी-दहावीची जी मुलं शाळेत येत होती, त्यांतलीही कितीतरी नुसती बसायची. वही उघडी, पेन बंद.

माझ्या भिंतीवरचे तक्ते त्या वर्षी कोणी वाचले नाहीत.

एक मुलगा सांगते, ओळख पटेल असं काही न सांगता. नववीत होता. भाटिया चाचणीत तो ‘सोडत नाही’ गटातला होता आणि बुद्धी चांगली असल्याची नोंद माझ्याच अक्षरात होती. सहामाहीत गणितात एक आकडी गुण पडले. त्याला प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत बोलावलं. स्टूल दिलं, मीही स्टुलावर बसले. तो म्हणाला, “बाई, मारा पण लेक्चर नको.” मग बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाला, “पास होऊन कुठं जायचं? मिल बंद. नापास होऊन कुठं जायचं? मिल बंदच.”

या वाक्याला ‘दहावीनंतर काय’ हे उत्तर होत नाही. ट्रेडची यादी दाखवून भागत नाही. आजवर शिकण्याची जी काही ओढ होती ती एका नोकरीच्या खुंटीला टांगलेली होती आणि ती खुंटीच भिंतीतून निघाली होती. मी त्याला दर आठवड्याला बोलवायचं ठरवलं, आणि पहिले काही आठवडे अभ्यासाचं नावही काढलं नाही. तो डब्यांचा हिशेब सांगायचा. कुठल्या इमारतीत लिफ्टमन अडवतो, कोण महिन्याचे पैसे बुडवतो. तो हिशेब तोंडी करायचा, आणि चुकत नसे.

हे ऐकत बसण्याचं बळ मला कार्ल रॉजर्स यांच्याकडून मिळालं. ते नाव बी.एड.ला परीक्षेपुरतं वाचलं होतं, त्या काळात पुन्हा काढून वाचलं. १९२८ पासून रॉजर्स न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी वाह्यात ठरवलेल्या, टाकलेल्या मुलांसाठी काम करत होते. त्यांनीच लिहिलेला प्रसंग आहे. एका खोडकर मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. मुलाच्या वागण्याचं मूळ आईने लहानपणी त्याला झिडकारण्यात आहे, असं रॉजर्सना दिसत होतं, आणि ते तिला परोपरीने समजावत होते. तिला काही पटेना. शेवटी दोघांनी ठरवलं, थांबू या. ती दारापर्यंत गेली, वळली आणि विचारलं, मोठ्या माणसांना सल्ला देता का इथे? मग परत खुर्चीवर बसली आणि नवऱ्याशी चाललेल्या आपल्या दुःखाचं सगळं ओतून टाकलं. मुलाची तक्रार तिथूनच सुटू लागली. दुखतंय कुठे आणि जायचं कुठे हे समोरच्या माणसालाच ठाऊक असतं, हे रॉजर्स यांनी त्यातून घेतलं. १९४२ मध्ये त्यांचं समुपदेशनावरचं पुस्तक आलं आणि जगभर या कामाची बैठकच बदलली. ज्या धंद्याची सुरुवात मुलाला चाचणीने तपासण्यातून झाली होती, तो आता मुलाचं ऐकू लागला. मुंबईतल्या शाळांपर्यंत हे झिरपायला फार वर्षं लागली, कारण लेखी चाचणी एका तासात साठ मुलांना देता येते आणि ऐकता एकालाच येतं.

पण नुसतं ऐकून बीजगणित येत नाही, हेही तितकंच खरं. तो मुलगा मोकळा झाला, हसू लागला, आणि गणिताची वही तशीच कोरी. विचारलं की म्हणायचा, “गणित आपल्या डोक्यात नाय.” आमच्या घरात कोणाच्याच नाही, असंही जोडायचा. तेव्हा मी त्याला जुन्या वहीतली चुकलेली उदाहरणं काढायला लावली. नवीन एकही द्यायचं नाही असं ठरवलं. पहिलंच होतं: ३क्ष − ७ = २क्ष + ५. त्याने उत्तर काढलं होतं क्ष = −२. ओळ ओळ बघत गेलो. २क्ष डावीकडे आणताना चिन्ह नीट बदललं होतं. −७ उजवीकडे नेताना तो −७ च राहिला होता. दुसरं उदाहरण, तिसरं, तशीच वजाची संख्या पलीकडे गेली की चूक. पानभर उदाहरणांत चूक एकच होती, पुन्हा पुन्हा तीच. बाकी प्रत्येक पायरी बरोबर. मी त्याला सांगितलं नाही. लाल पेन त्याच्या हातात दिलं आणि चुकलेल्या जागी गोल करायला सांगितलं. पान भरत आलं तसा तो स्वतःच थांबला. “बाई, हे एवढंच चुकतंय?” मग १२ घालून ताळा केला. छत्तीसातून सात गेले एकोणतीस, चोवीस आणि पाच एकोणतीस. तो दोन्हीकडचे एकोणतीस बराच वेळ बघत होता.

पुढे वाचनात आलं की कॅरोल ड्वेक यांनी १९७५ मध्ये नेमका याच जागेवर प्रयोग केला होता. अपयश आलं की हातपाय गाळणारी बारा मुलं त्यांनी घेतली. अर्ध्यांना सोपी उदाहरणं देऊन सतत यश मिळेल असं बघितलं. उरलेल्यांना मध्ये मध्ये अपयश येऊ दिलं, पण ते प्रयत्न कमी पडल्यामुळे आलं, अंगात कुवत नाही म्हणून नव्हे, असं बघायला शिकवलं. पुढे अवघड गणितं समोर आली तेव्हा नुसतं यश चाखलेली मुलं पुन्हा कोलमडली, दुसरी टिकली. ‘शाबास, शाबास’ करून मुलाची उमेद टिकत नाही. आपली चूक किती मोठी आहे आणि नेमकी कुठे आहे, हे त्याला दिसावं लागतं, आणि ती दुरुस्त करणं आपल्या हातात आहे, हेही. वर्गात साठ जणांच्या चुकांची जागा अशी शोधता येत नाही. म्हणून हे काम एकेकट्याशी बसूनच होतं.

शिकण्याच्या इच्छेवर थेट काम करण्याचा एक प्रयत्न भारतात त्याआधीच झाला होता, आणि तो विसरला गेल्याची मला हळहळ वाटते. हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलँड यांनी १९६४ मध्ये आंध्रातल्या काकीनाडा इथल्या लहान उद्योजकांना हैदराबादला आणून काहीतरी करून दाखवण्याची प्रेरणा वाढवण्याचं शिक्षण दिलं. चित्र दाखवायचं आणि गोष्ट लिहायला सांगायची ही त्यांची पद्धत. त्यावरून माणूस मनात कशामागे धावतो ते कळतं. एनसीईआरटीमध्ये प्रयाग मेहता यांनी तीच दिशा दिल्लीतल्या शाळकरी मुलांसाठी धरली आणि १९६९ मध्ये त्यावरचं पुस्तक निघालं. मी ती चित्रं आमच्या मुलांना दाखवली आहेत. टेबलाशी पुस्तक उघडून बसलेल्या मुलाचं एक चित्र त्यात आहे. संपाच्या वर्षी त्यावर आलेल्या गोष्टींतला मुलगा बहुतेक वेळा कुणाची तरी वाट बघत होता. बाप गावाहून येण्याची, पैसे येण्याची, संप मिटण्याची. स्वतः उठून काही करणारा नायक क्वचित. मुलं आळशी झाली नव्हती. घरातली मोठी माणसं दिवसचे दिवस वाट बघताना त्यांनी पाहिली होती, तेच ती लिहीत होती.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत मराठी मुलुखात या कामाला बळ मिळालं ते सरकारच्या बाहेरून. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून होती. आप्पा पेंडसे यांनी मानसशास्त्राच्या पायावर ती उभी केली, पण तिची निवड हुशार मुलांची होती. माझी मुलं दुसऱ्या टोकाची. आमच्यासारख्यांना फार उपयोगी पडलं ते डॉ. कि. मो. फडके यांचं काम. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती फडक्यांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून आत्मसात केली आणि मराठीत आणली. ‘मला पहिला नंबर मिळालाच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोल’ असं मनाशी घोकणारी मुलगी आणि ‘मला जमणारच नाही’ असं घोकणारा मुलगा, या दोघांच्या डोक्यात एकाच जातीचा हट्टी विचार आहे आणि तो प्रश्न विचारून सैल करता येतो, हे त्यातून मी शिकले. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीही अभ्यासातून मनाने उठलेल्या असू शकतात, आणि त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही, हे मला तेव्हा उमगलं. मग त्यांनाही मागच्या खोलीत बोलावू लागले.

१९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था उभी केली, आयपीएच. त्याआधीपासून ते पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या कामात होते. हा दुवा मला महत्त्वाचा वाटतो. व्यसनाने वेढलेल्या माणसाला ‘सोड’ म्हणून तो सोडत नाही. सोडावंसं त्याच्याच मनात कुठेतरी असतं, ते त्याच्या तोंडून यावं लागतं. अमेरिकेच्या विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या रुग्णांशी बोलण्याची जी रीत मांडली, ती पुढे शाळांतही आली, ती याच कारणाने. ‘अभ्यास कर’ हे शब्द मुलाने हजारदा ऐकलेले असतात. “तुला स्वतःला यातलं काय नको झालंय, आणि काय अजून आवडतं?” हे त्याला कोणी विचारलेलं नसतं. माझा अनुभव असा, की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यायला वेळ लागतो, पण येतं. कुणाला फक्त नकाशे आवडायचे. एका मुलीला प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या धुवायला आवडायचं, तिला मी महिनाभर तेच काम दिलं आणि रसायनशास्त्राचा धडा तिथेच, बेसिनजवळ उभ्या उभ्या घेतला.

सरकारने अलीकडच्या काळात काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. परीक्षेच्या काळात बोर्ड जिल्ह्याजिल्ह्यांत समुपदेशक नेमतं, फोन नंबर छापतं. २०१६ मध्ये दहावीच्या सगळ्या मुलांची कल चाचणी झाली. राज्यभरच्या लाखो मुलांना त्यांचा कल कुठे आहे ते छापील मिळालं, ही मोठी उस्तवार होती आणि हेतू चांगला होता. पण कागद मिळाल्यावर तो घेऊन कुणासमोर बसायचं, ती खुर्ची बहुतेक शाळांत रिकामी होती. पुन्हा पेटी आधी आली, माणूस मागेच राहिला. फोनवरचा सल्ला परीक्षेच्या आदल्या रात्री धीर देतो, तो दिलाच पाहिजे. नववीच्या ऑगस्टमध्ये विझत चाललेलं पोर मात्र फोन लावत नाही. त्याला आपण काही विझतोय हेच ठाऊक नसतं. ते वर्गात बसलेलं असतं, वही उघडी असते, आणि रोज बघणाऱ्या माणसालाच ते कळतं. २०२० मध्ये करोनात केंद्राने ‘मनोदर्पण’ सुरू केलं, त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शाळेतल्या समुपदेशकांचा उल्लेख आला. आमच्या शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, मी निवृत्त होईपर्यंत हे पद आलं नाही. मी गणिताच्या जागेवर लागले आणि गणिताच्या जागेवरूनच निवृत्त झाले.

डब्यांचा हिशेब तोंडी करणारा तो मुलगा दहावी झाला, दुसऱ्या खेपेला, ऑक्टोबरच्या परीक्षेत. पुढे काय करतो ते सांगणं त्याच्या हक्काचं आहे, माझ्या नाही.

तरुण शिक्षिका मला विचारतात, बाई, तुम्ही वेळ कुठून काढायचात? मी त्यांना आमचं जुनं वेळापत्रक समजावून सांगते. कोठारी आयोगाच्याच सूचनेवरून शाळांत कार्यानुभवाचा तास आला होता. त्या तासाला मुलं गटागटाने खडू, फाइली, मेणबत्त्या करत बसत. सहकारी शिक्षक वर्ग सांभाळायचा आणि एक मूल माझ्याकडे यायचं, वीस मिनिटांसाठी. मुख्याध्यापकांना हे माहीत होतं, त्यांनी खोलीची किल्ली मला दिली होती. तास आठवड्यातून एकदाच, म्हणून वर्षाला फार थोडी मुलं व्हायची. कोणाला आधी बोलवायचं ते मी हजेरीपट बघून ठरवत असे. ज्यांची हजेरी पूर्ण आणि वह्या कोऱ्या, ती आधी.

आता त्याच भागात गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत. शाळेत येणाऱ्या मुलांचे बाप तिथे पहारा करतात, गाड्या धुतात, मोटारसायकलवरून जेवण पोचवतात. मध्यंतरी एका शाळेत शिक्षकांचं प्रशिक्षण घ्यायला गेले होते. तिथल्या एका शिक्षिकेने सांगितलं, तिच्या वर्गातल्या मुलीने विचारलं, “मॅडम, सगळं मोबाइलवर मिळतं, तर पाठ कशाला करायचं?” त्या शिक्षिकेला मी आधी मुलीची जुनी वही मागवून घ्यायला सांगितलं, आणि शाळेच्या वेळापत्रकात कोणता तास हलवता येईल ते दोघींनी मिळून बघितलं. शुक्रवारचा सहावा सापडला.